पांढरी रेघ

शिंक येणार असं वाटलं की मी आधी बाळाला खाली ठेवायचे. एक हात उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर घट्ट दाबून धरायचा, दुसरा भिंतीला टेकवायचा आणि मग शिंकायचं. शिंक आली-आली म्हणता परत गेली तर सुटल्यासारखं वाटायचं. बाळ तीन महिन्यांचं झालं होतं आणि माझ्या दिवसाची आखणी त्या एका जागेभोवती चालली होती. कोणत्या कुशीवर झोपायचं, कोणत्या हाताने उचलायचं, जांभई पूर्ण द्यायची की अर्धी.

दुखणं नवं नव्हतं. आठव्या महिन्यात सुरू झालं होतं. तेव्हा सगळे म्हणायचे, बाळाचे पाय तिथे टेकत असतील, बाळ बाहेर आलं की थांबेल. मीही तेच धरून बसले होते. बाळ बाहेर आलं, पाय बाहेर आले, आणि बरगडी दुखतच राहिली. फक्त दुखण्याची जात बदलली. आधी आतून कुणीतरी रेटतंय असं वाटायचं. आता पाजायला बसलं की दहा मिनिटांत पाठीकडून एक तार ओढली जाऊन पुढे छातीखाली येऊन बसायची. खोल श्वास घ्यायला गेलं की उसण भरल्यासारखं व्हायचं आणि श्वास वरच्या वरच थांबायचा.

सहा आठवड्यांच्या तपासणीत मी हे सांगितलं होतं. टाके बघून झाले, रक्तदाब घेऊन झाला, गर्भाशय जागेवर आलं म्हणून सांगून झालं. बरगडीचं म्हटल्यावर उत्तर आलं की पाजताना नीट बसत जा. ते चुकीचं नव्हतं, हे मला पुढे कळलं. पण ज्या पोटातून नऊ महिन्यांचं बाळ निघालं होतं, त्या पोटाच्या भिंतीवर त्या दिवशी कुणी हात ठेवला नाही. मलाही ठेवावासा वाटला नव्हता, हेही खरं. त्या काळात माझं पोट मला आंघोळीपुरतंच दिसायचं, आणि तेव्हाही मी नजर वळवायचे.

मग एक रात्र. बाळ रडलं म्हणून मी घाईने, उताणी होते तशीच सरळ उठायला गेले. अर्ध्यात असताना हात पोटावर पडला आणि तिथे काहीतरी उभं राहिलेलं लागलं. छातीच्या हाडाखालून बेंबीपर्यंत एक लांबट उंचवटा, उपड्या होडीच्या तळाला मधोमध कणा असतो तसा. मी परत आडवी झाले. उंचवटा गेला. मान उचलली. परत आला. बाळ रडत होतं आणि मी अंधारात मान वर-खाली करत होते.

आठ दिवस मी हे कुणालाही सांगितलं नाही. आतडं वर येतंय, असं वाटत होतं. शिवण उसवलीय आणि मी बाळाला उचलते आहे त्या प्रत्येक वेळी ती आणखी उसवते आहे, असंही वाटत होतं. भीतीपेक्षा लाज जास्त होती. कसली ते आज सांगता येणार नाही.

बरगडी असह्य झाली म्हणून शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. पोटाचं सांगायचं नाही, असं ठरवूनच गेले होते.

त्यांनी हात लावायच्या आधी प्रश्न विचारले, बरेच. दम अचानक लागतो का. श्वास घेताना छातीत टोचतं का. पोटरी सुजली, दुखली होती का. दुखणं उजवीकडे वर आहे तर सोबत डोकं फार दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे येतात का. तेलकट खाल्ल्यावर वाढतं का. ताप, खोकला, पडझड. मला वाटलं बरगडीसाठी एवढं कशाला. त्यांनी सांगितलं की बाळंतपणानंतरचे पहिले सहा आठवडे रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो आणि ते दुखणं बरगडीचंच वाटू शकतं. रक्तदाबाचा आजार बाळ झाल्यानंतरही उद्भवू शकतो आणि तेव्हा यकृतापाशी, म्हणजे नेमकं उजव्या बरगड्यांखाली दुखतं. गर्भारपणात पित्ताचे खडे होण्याचं प्रमाणही वाढतं, त्याची कळ तिथेच. "हे काही नाही ना, एवढं आधी बघायचं असतं. मग स्नायूंकडे वळायचं." जिला अशी कळ अचानक आली असेल, दम लागत असेल किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तिने हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जावं. व्यायाम नंतर.

मग त्या म्हणाल्या, "आता पोट बघू."

मी सांगितलं नव्हतं, तरी.

उताणं झोपायचं, गुडघे वाकवून, पावलं टेकवून. त्यांनी बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, फक्त मान उचला, खांदे नकोत. उंचवटा उभा राहिला. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. "तीन बोटं," त्या म्हणाल्या. मग बेंबीपाशी, मग खाली. बेंबीखाली दीड. मग माझाच हात घेऊन तिथे ठेवला. माझी बोटं दोन कडांच्या मध्ये उतरली. दोन्ही बाजूंना ताठ झालेल्या स्नायूच्या भिंती आणि मध्ये मऊ जमीन, पावसात भिजलेली असावी तशी. मला रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं आणि मग म्हणाल्या, "काही फाटलेलं नाही. ताणलं गेलंय."

हे एक वाक्य मला तीन महिने आधी कुणी सांगायला हवं होतं.

पोटाच्या पुढच्या बाजूला दोन उभे पट्टे असतात. खाली जघनाच्या हाडापासून निघून वर छातीच्या हाडाच्या टोकाला आणि पाचव्या, सहाव्या, सातव्या बरगडीच्या कूर्चेला जाऊन चिकटतात. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थबकले. पोटाचा स्नायू म्हणजे पोटापुरता, अशी माझी समजूत होती. तो छातीवर जाऊन बांधलेला असतो. या दोन पट्ट्यांच्या मध्ये जी उभी पट्टी असते तिचं लॅटिन नाव लिनिया अल्बा, पांढरी रेघ. कुशीकडून प्रत्येक बाजूला तीन थरांचे स्नायू येतात, त्यांच्या चपट्या पडद्यांचे धागे मधोमध एकमेकांत गुंफले जातात आणि त्या गुंफणीची ही रेघ बनते. वेणीसारखी. स्नायू नाही ती, कोलॅजनचे धागे आहेत, रक्तवाहिन्या फार थोड्या, म्हणून पांढरी. गर्भारपणात अनेकींच्या पोटावर बेंबीवरून खाली जाणारी काळी रेघ दिसते ती बरोबर हिच्या वरच्या कातडीवर असते. आरशात मी ती काळी रेघ कितीदा कौतुकाने पाहिली होती. तिच्याखाली ही पांढरी रेघ बाळाला जागा देण्यासाठी रोज थोडी रुंद आणि पातळ होत होती, याची मला काहीच कल्पना नव्हती.

या दोन पट्ट्यांमधलं अंतर वाढण्याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. नाव आजारासारखं आहे. म्हणून त्यांनी पुढे जे सांगितलं ते मी घरी येऊन स्वतः शोधून वाचलं. पोर्तुगालमधल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिलटकरणींच्या पोटाची सोनोग्राफीने मोजणी केली होती. पस्तिसाव्या आठवड्यात हे अंतर वाढलेलं नाही अशी त्यांच्यात एकही स्त्री नव्हती. शंभर टक्के. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी ते ३९ टक्क्यांमध्ये उरलं होतं. दुसऱ्याच वर्षी नॉर्वेतला एक अभ्यास आला, ३०० पहिलटकरणींचा, बोटांनी तपासून. तिथे सहा आठवड्यांनी ६० टक्के, वर्षाने साधारण ३३ टक्के. दोन्हींत मोजायची पद्धत आणि मर्यादा वेगळी, त्यामुळे आकडे एकमेकांशेजारी ठेवून भांडवता येत नाहीत. पण 'शंभर टक्के' वाचून मी फोन खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले. म्हणजे हे माझ्या हातून झालं नव्हतं. मी काही वाईट उचललं नव्हतं, चुकीचं झोपले नव्हते. बाळ पोटात वाढलं, एवढंच झालं होतं.

आणि 'सामान्य' अंतर म्हणजे शून्य, हेही खरं नाही. ज्यांना कधीच मूल झालेलं नाही अशा १५० स्त्रियांची मोजणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांच्यातही बेंबीच्या तीन सेंटिमीटर वर २२ मिलिमीटरपर्यंतचं अंतर सामान्यात धरलं गेलं. दोन बोटं म्हणजे जवळपास तेवढंच. पोटाची मधली रेघ पहिल्यापासून थोडी रुंदच असते. ती कधी मिटलेली नव्हतीच, आणि मी ती मिटावी म्हणून डोळे लावून बसले होते.

बरगडीकडे यायचं तर थोडं मागे जावं लागतं. पोट वाढताना वर काय होतं, हे आपल्याला कुणी दाखवत नाही. पोटाचा घेर सगळ्यांना दिसतो. छातीचा पिंजराही तेव्हा उघडत असतो. दोन्हीकडच्या शेवटच्या बरगड्यांमध्ये छातीच्या हाडाखाली जो कोन असतो तो साधारण ६८ अंशांवरून १०३ अंशांपर्यंत जातो. छातीचा घेर ५ ते ७ सेंटिमीटरने वाढतो. श्वासाचा पडदा चारेक सेंटिमीटर वर सरकतो. गंमत अशी की यातला बराचसा बदल बाळ बरगड्यांना टेकण्याच्या पुष्कळ आधी सुरू होतो. शरीर आधीच जागा करायला घेतं, सांधे-अस्थिबंध सैल करून. मग बाळ होतं आणि पोट एका दिवसात रिकामं होतं, पण पिंजरा एका दिवसात मिटत नाही. सहा महिन्यांच्या आसपासही तो कोन गर्भारपणाआधीपेक्षा सुमारे वीस टक्के रुंद सापडलेला आहे. माझे जुने कपडे छातीखाली अडकायचे तेव्हा मी त्याला लठ्ठपणा समजत होते. तिथे चरबी नव्हतीच. बरगड्या होत्या.

मी त्यांना विचारलं, म्हणजे पोटाच्या फटीमुळे बरगडी दुखते का? असं सरळ उत्तर मिळालं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी ते दिलं नाही. नॉर्वेच्या त्या अभ्यासात फट असलेल्या बायकांची कंबर फट नसलेल्यांपेक्षा जास्त दुखते असं आढळलं नव्हतं. फट रुंद म्हणून दुखणं मोठं, असा हिशेब लागत नाही. त्यांनी मला सांगितलं ते असं. कुशीचे तिरपे स्नायू खालच्या बरगड्यांना धरून असतात आणि श्वास सोडताना त्यांना खाली-आत आणतात. ते तंबूच्या दोरीसारखे. दोरीला ताण यायला मध्ये काहीतरी ताठ हवं. मधली रेघ सैल असली तर दोरी ओढते पण तंबू हलत नाही. बरगड्या उघड्याच राहतात. मग पाठीचे स्नायू आणि बरगड्यांमधले छोटे स्नायू दिवसभर जादा काम करतात. त्यावर आपण दिवसातून आठ-दहा वेळा, प्रत्येक वेळी अर्धा तास, एका बाजूला वाकून, मान खाली घालून, बाळाच्या तोंडाकडे बघत बसतो. "तुमची बरगडी पुढे दुखते," त्या म्हणाल्या, "पण रुसलीय ती मागे, मणक्याला चिकटते तिथे." आणि त्यांनी पाठीवर बरोबर त्या जागी अंगठा ठेवला. माझ्या तोंडून आवाज निघाला.

पाजण्याची बैठक बदलणं हे पहिलं. बाळाला छातीशी आणायचं, छातीला बाळाकडे न्यायचं नाही. पाठीला टेकू, मांडीवर उंच उशी, पाय टेकलेले, आणि बाजू बदलत राहायची. ज्यांनी सहा आठवड्यांच्या वेळी मला 'नीट बस' सांगितलं त्यांनी एवढी दोन वाक्यं जास्त सांगितली असती तर पुरलं असतं. अंथरुणातून उठायचं ते आधी कुशीवर वळून, गुडघे एकत्र, हाताने जमीन रेटून. पट्टा बांधायचा असेल तर सुरुवातीला आधार म्हणून बांधा, त्याने पोटाला बळ आल्यासारखं वाटतं, पण स्नायूचं काम पट्टा करत नाही. या गोष्टी तीन दिवसांत अंगवळणी पडल्या.

श्वास मात्र अंगवळणी पडला नाही. त्याला महिना गेला.

त्यांनी माझे दोन्ही हात खालच्या बरगड्यांवर ठेवले, अंगठे पाठीकडे, आणि म्हणाल्या, इथे श्वास घ्या. मी घेतला. खांदे वर गेले, गळ्याच्या शिरा ताणल्या, हाताखाली काहीही हललं नाही. परत. काही नाही. "पोट सोडा आधी," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, सोडलंय. त्यांनी बेंबीच्या वर दोन बोटं ठेवली. तिथे पोट दगडासारखं होतं. मी ते आत ओढून धरलं होतं. त्या क्षणी, तिथे, त्या टेबलावर, जिथे मला कुणी बघत नव्हतं, तिथेही.

कधीपासून धरलं होतं कुणास ठाऊक. बाळाला बघायला आलेली माणसं आधी बाळाकडे बघायची, मग माझ्या पोटाकडे. 'अजून आहे गं?' 'जाईल, जाईल.' 'अजून एक आहे की काय आत?' यातल्या कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण प्रत्येक वेळी माझं पोट आपोआप आत जायचं, आणि माणसं गेली तरी ते बाहेर यायला विसरायचं. वरचं पोट असं आवळून धरलं की खालच्या बरगड्या जखडतात, श्वास छातीच्या वरच्या बाजूला अडकतो, आणि पोटातला दाब खाली ओटीपोटाच्या तळाकडे जातो. खोकताना मला लघवीचे थेंब जायचे, ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. त्याचाही इथे संबंध होता. मी पोट लपवत होते, आणि लपवता लपवता श्वासच कोंडून घेतला होता. चार महिन्यांत मला 'पोट कधी जाणार' हे किती जणांनी विचारलं याला गणती नाही. 'श्वास घेता येतो का नीट' हे त्या एकट्या बाईंनी विचारलं.

तेव्हापासून माझा व्यायाम म्हणजे आडवं पडायचं आणि पोट सोडायचं. सांगायला सोपं. मला ते भीतीदायक वाटायचं. पोट सोडलं की ते पसरायचं, आणि मला वाटायचं ते आता परत येणारच नाही. श्वास आत घेताना बरगड्या बाजूला उचलल्या जायला हव्यात, बादलीची कडी उचलावी तशा. सोडताना सावकाश मिटायला हव्यात. सोडण्याच्या शेवटी खाली ओटीपोटात, कंबरेच्या दोन हाडांच्या मध्ये, एक हलकासा ताण आपोआप येतो. तो सगळ्यात आतला आडवा स्नायू. त्याला ओढायचं नाही, त्याची वाट बघायची. लघवी अडवताना जिथे आवळतो ते ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याच्याबरोबर उचलायचे. दिवसातून तीनदा, दहा-दहा श्वास. बाळ शेजारी पालथं पडून माझ्या तोंडाकडे बघायचं.

पंधरा दिवस काहीच झालं नाही. मी चिडले, सोडून दिलं, चार दिवसांनी परत धरलं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी उजव्या तळहाताखाली काहीतरी सरकलं. बरगडी. बाहेर गेली आणि परत आली. दुखलं, पण जडलेलं दार पहिल्यांदा उघडताना कुरकुरतं तसं.

याच सुमाराला मी फार वाचायला लागले आणि त्याने माझं नुकसानही झालं. ज्या-त्या ठिकाणी मनाईच्या याद्या. उताणं पडून मान-खांदे उचलण्याचे पोटाचे व्यायाम, म्हणजे क्रंचेस, कधीही करू नका, वजन उचलू नका, सरळ उठू नका, उंचवटा दिसला की संपलं. मी बाळाला उचलतानाही श्वास रोखून पोटाकडे बघायला लागले. पाणी भरलेली बादली उचलायला नवऱ्याला हाक मारायचे. त्या याद्यांनी मला जितकं दुबळं केलं तितकं त्या फटीने केलं नव्हतं, असं मी आज पूर्ण विचाराने म्हणते.

मला त्यातून बाहेर काढलं ते दोन अभ्यासांनी. डायान ली आणि पॉल हॉजेस यांनी २०१६ मध्ये सोनोग्राफी लावून पाहिलं की मान-खांदे उचलताना या रेघेचं काय होतं. उचलताना दोन पट्ट्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. पण मधली रेघ सैल असेल तर ती चुरगळते, आणि तोच तो उंचवटा. आधी आतला आडवा स्नायू जागा करून मग उचललं तर अंतर तेवढं कमी होत नाही, पण रेघ चुरगळत नाही, ताणून राहते. मी हे दोनदा वाचलं. म्हणजे अंतर मिटवण्याच्या मागे लागलं तर कदाचित उलट गोष्टीच्या मागे लागतो आहोत. दुसरा अभ्यास २०२३ चा, नॉर्वेतला, फट असलेल्या ७० स्त्रियांचा. त्यातल्या अर्ध्यांनी बारा आठवडे तेच मान-खांदे उचलण्याचे व्यायाम केले, ज्यांना सगळीकडे बंदी होती. त्यांची फट वाढली नाही. पोटाची ताकद वाढली.

फिजिओथेरपिस्ट बाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. "म्हणून तर मी पहिल्या दिवसानंतर बोटं मोजली नाहीत. बोटांखाली काय लागतं ते बघते." मीही तेव्हापासून तेच बघायला लागले. किती रुंद, हे नाही. दाबलं तर परत उसळतं का. सुरुवातीला बोटं भिजल्या मातीत रुतत जायची. पाचव्या महिन्यात ती कापडावर टेकल्यासारखी वाटली. पुढे ते कापड ताणलेलं होतं. अंतर या सगळ्यात तीनचं अडीच झालं, एवढंच. उंचवटा अजून कधीकधी दिसतो, थकलेली असले की. तो दिसला तर आजचं वजन किंवा आजची घाई जास्त झाली, एवढा निरोप मी त्याच्याकडून घेते आणि थांबते. पुढे हळूहळू उभ्याने व्यायाम आले, वजनं आली, आणि एका टप्प्यावर मान उचलण्याचा तो व्यायामही.

सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. काहींच्या रेघेला वर्षा-दीड वर्षाच्या मेहनतीनंतरही ताण येत नाही, काहींना बेंबीपाशी हर्निया असतो, आणि त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया करून दोन पट्टे जवळ शिवणं हा खरा आणि योग्य उपाय आहे. ती करून घेणाऱ्या बाईने मेहनत कमी केली, असं कुणी तिला म्हणू नये.

बरगडी कधी थांबली ते मला सांगता येत नाही. एक दिवस शिंक आली, मोठी, दोन लागोपाठ. मी बाळाला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने कपडे वाळत घालत होते. शिंकले, बाळ दचकून हसलं, मी पुढचा कपडा झटकला. संध्याकाळी पाजायला बसल्यावर आठवलं की मी भिंत धरली नव्हती. तेव्हा सातवा महिना संपत आला होता.

गेल्या आठवड्यात आई आली होती. मी दुपारी आडवी होऊन बेंबीपाशी बोटं ठेवून मान उचलत होते. ती दारात उभी राहून बघत होती.

"रोज काय चाचपतेस गं तिथे?"

मी सांगितलं. तिला शेजारी झोपायला लावलं. ती आधी नको म्हणाली, मग लुगड्याची गाठ सैल करावी तशी सावकाश, संकोचाने पदर बाजूला केला. मी म्हटलं, मान उचल. तिच्या पोटाच्या मधोमध तोच उंचवटा उभा राहिला, माझ्यापेक्षा मोठा. माझी चार बोटं आत गेली. बेंबीच्या कडेला एक छोटा मऊ फुगवटा होता.

"हे तुझ्या वेळेपासूनचं आहे," ती छताकडे बघत म्हणाली. "पोट सुटलंय म्हणायचे सगळे. मीही तेच म्हणत आले."

"दाखवलंस कधी कुणाला?"

"दाखवण्यासारखं काय होतं त्यात?"

मी विचारलं, दुखतं का. ती बराच वेळ बोलली नाही. मग डाव्या बरगडीखाली हात ठेवला. "खोकला आला की इथे. कपाट उघडायला हात वर केला की. बस, एवढंच." पस्तीस वर्षं ती खोकताना हात तिथे ठेवते. मी लहानपणापासून बघत आलेय. मला वाटायचं ती तिची सवय आहे.

मी तिच्या दोन्ही बरगड्यांवर हात ठेवले आणि म्हटलं, आई, पोट सोड. ती म्हणाली, सोडलंय. माझ्या बोटांखाली ते घट्ट आवळलेलं होतं.

गुरुवारी साडेदहाची वेळ घेतली आहे. आधी तिची बेंबी सर्जनना दाखवायची, तिथून फिजिओथेरपिस्टकडे. ती विचारत होती, काय सांगायचं त्यांना. मी म्हटलं, खोकल्यापासून सुरू कर.